सपाट कागदावरील खोली : संगणकीय आरेखनातून त्रिमितीय भासाच्या आकृत्या

प्रस्तावना

भूगोल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी या विषयांच्या अध्यापनात आकृतीला शब्दांइतकेच महत्त्व आहे. पूर्वी फळ्यावर खडूने किंवा ड्रॉइंग पेपरवर शाईने काढल्या जाणाऱ्या आकृत्या आता संगणकावर तयार होतात. प्रश्नपत्रिका, अभ्याससाहित्य, शोधनिबंध व वर्गातील सादरीकरण यांसाठी लागणाऱ्या आकृत्या प्राध्यापक स्वतःच काढू लागले आहेत, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु या आकृत्यांना खोलीचा, म्हणजेच तिसऱ्या मितीचा, भास द्यावयाचा असतो तेव्हा एक मूलभूत अडचण उभी राहते. इंकस्केप किंवा कोरलड्रॉ यांसारख्या आरेखन-प्रणालींना खोली ठाऊक नसते. त्यांच्या दृष्टीने पडद्यावरील प्रत्येक रेषा एकाच सपाट पृष्ठावर असते. कोणती रेषा पुढे, कोणती मागे, गोल किती कललेला आहे, हे ठरविण्याचे काम आकृती काढणाऱ्याचेच असते. त्याने एक नियम निवडून तो सर्व रेषांना लावला नाही, तर आकृती सुबक दिसूनही असत्य सांगते, आणि विद्यार्थी ती वहीत जशीच्या तशी उतरवून घेतो.

प्रस्तुत लेखात हा नियम कसा निवडावा व कसा पाळावा याचे विवेचन पृथ्वीगोल, ऋतुचक्राची आकृती व ठोकळाचित्र या परिचित उदाहरणांच्या आधारे केले आहे. उदाहरणे इंकस्केप या मोफत व मुक्त प्रणालीत करून पाहता येतील. ही प्रणाली २००३ साली सोडिपोडी या जुन्या प्रणालीतून वेगळी झाली आणि तिची १.० ही आवृत्ती मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. येथील भूमिती मात्र कोणत्याही आरेखन-प्रणालीस, किंबहुना पट्टी आणि कंपासालाही, लागू पडते.

यथादर्शन की समांतर प्रक्षेप?

खोली दाखविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. यथादर्शनात दूरची वस्तू लहान होते व समांतर रेषा क्षितिजावरील एका बिंदूकडे धावतात. डोळ्याला दिसते ते असेच असते, म्हणून चित्रकाराला ही पद्धत जवळची वाटते. समांतर प्रक्षेपात मात्र समांतर रेषा समांतरच राहतात आणि वस्तू दूर गेली तरी लहान होत नाही. चित्र म्हणून ते किंचित कृत्रिम भासते. परंतु एकाच दिशेतील लांब्यांची परस्परांशी तुलना करता येते. शास्त्रीय आकृतीत मोजमाप जपणे सौंदर्याहून अधिक मोलाचे असल्याने अध्यापनासाठी समांतर प्रक्षेपच श्रेयस्कर ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

समांतर प्रक्षेपाचा एक विशेष प्रकार म्हणजे आयसोमेट्रिक प्रक्षेप. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ साली या पद्धतीचे नियमबद्ध विवेचन केले. त्यामागील निमित्त आपल्या व्यवसायातील आहे. फॅरिश यंत्रांवर व्याख्याने देत आणि त्यासाठी सुट्या भागांतून यंत्रांच्या प्रतिकृती जोडून घेत. व्याख्यान संपले की त्या मोडून त्याच भागांतून पुढची प्रतिकृती उभी करावयाची असे. जोडणी करणाऱ्या साहाय्यकांना कोणता भाग कोठे बसतो हे निःसंदिग्धपणे कळावे, म्हणून त्यांना अशा आरेखनाची गरज भासली. अध्यापकाच्या निकडीतून जन्मलेली ही पद्धत पुढे अभियंत्यांनी उचलली.

आयसोमेट्रिक आकृतीत लांबी व रुंदीच्या रेषा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात, उंचीची रेषा उभी राहते आणि तिन्ही दिशांना एकच प्रमाण लागू होते. इंकस्केपमधील 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये 'ॲक्झोनोमेट्रिक ग्रिड' निवडल्यास याच कोनांची जाळी पडद्यावर उमटते. सरळ कडांच्या वस्तूंसाठी तेवढी पुरेशी आहे. पृष्ठभागावर अक्षरे, वर्तुळे किंवा नकाशा बसवावयाचा असेल तर मात्र जाळी अपुरी पडते. अशा वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम ते पृष्ठ समोरून दिसते तसे सपाट काढावे. मग 'ऑब्जेक्ट' मेनूतील 'ट्रान्सफॉर्म' उघडून त्याची फक्त उंची ८६.६ टक्के करावी. नंतर ते आडव्या दिशेने ३० अंश तिरपे करावे, म्हणजे वरची कड उजवीकडे सरकेल. आता संपूर्ण पृष्ठ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ३० अंश फिरविल्यास ते ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग बनते. उलट दिशेने ३० अंश फिरविल्यास उजवी बाजू बनते. डाव्या बाजूसाठी वरची कड डावीकडे तिरपी करून नंतर काट्यांच्या दिशेने फिरवावे. हा क्रम बदलता कामा नये; आधी फिरवून मग तिरपे केल्यास येणारा आकार निराळाच असतो. या क्रियेत पृष्ठावरील वर्तुळ आपोआप लंबवर्तुळ होते आणि त्याच्या दीर्घ व लघु अक्षांचे गुणोत्तर १.७३ : १ येते. हाताने अंदाजे लंबवर्तुळ ओढून बसविण्याची गरजच उरत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. आयसोमेट्रिक प्रक्षेपात घनाचा आपल्याला सर्वांत जवळचा कोपरा आणि सर्वांत दूरचा कोपरा कागदावर नेमके एकाच बिंदूत येतात. त्यामुळे स्फटिकाची जाळीरचना किंवा पोकळ चौकट दाखविताना मागचे अणू पुढच्यांखाली दडतात. अशा ठिकाणी कोन थोडे बदलून निराळा समांतर प्रक्षेप घ्यावा.

पृथ्वीगोलाची आकृती

अक्षवृत्ते व रेखावृत्ते दाखविणारी पृथ्वीगोलाची आकृती आपल्या पाठ्यसाहित्यात पदोपदी आढळते. तिच्यात एक दोष इतका रुळला आहे की तो दोष आहे हेच जाणवत नाही. विषुववृत्त फुगीर लंबवर्तुळासारखे काढलेले असते आणि उत्तर व दक्षिण ध्रुव मात्र वर्तुळाच्या परिघावर, अगदी वर आणि अगदी खाली, दाखविलेले असतात. या दोन गोष्टी एकत्र संभवत नाहीत. विषुववृत्त लंबवर्तुळाकार दिसते याचा अर्थ आपण गोलाकडे किंचित वरून पाहत आहोत. वरून पाहिले की उत्तर ध्रुव परिघापासून आत, आपल्या बाजूला येतो आणि दक्षिण ध्रुव मागे दडतो. दोन्ही ध्रुव परिघावर हवे असतील तर विषुववृत्त सरळ रेषाच असले पाहिजे. दोन्ही दृश्ये आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांची सरमिसळ चूक आहे.

आपण किती अंश वरून पाहतो हे एकदा ठरविले की बाकी सर्व मापे साध्या त्रिकोणमितीतून निघतात. समजा, गोलाची त्रिज्या ५० मिमी आहे आणि दृष्टी विषुववृत्ताच्या प्रतलापेक्षा ३० अंश वर आहे. गोलाची बाह्यरेषा वर्तुळच राहते. विषुववृत्ताचा अर्धदीर्घ अक्ष ५० मिमी असेल. अर्धलघु अक्ष म्हणजे ५० गुणिले ३० अंशांची साइन, अर्थात २५ मिमी. उत्तर ध्रुव केंद्रापासून वर ५० गुणिले ३० अंशांची कोसाइन, म्हणजे ४३.३ मिमी अंतरावर येईल. ३० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या लंबवर्तुळाचा मध्य केंद्राच्या २१.७ मिमी वर असून त्याचे अर्धअक्ष ४३.३ व २१.७ मिमी असतील. ६० अंश उत्तर अक्षवृत्ताचा मध्य ३७.५ मिमी वर आणि अर्धअक्ष २५ व १२.५ मिमी. ३७.५ आणि १२.५ यांची बेरीज ५० होते, म्हणजे हे अक्षवृत्त गोलाच्या बाह्यरेषेला वरच्या टोकाशी नेमके टेकते. त्याच्याही उत्तरेची अक्षवृत्ते संपूर्ण दिसली पाहिजेत. सर्व लंबवर्तुळांत लघु व दीर्घ अक्षांचे गुणोत्तर एकच, येथे १ : २, राहते हे ध्यानात ठेवल्यास पडताळा सोपा होतो.

इंकस्केपमध्ये लंबवर्तुळाचे साधन निवडून वरच्या पट्टीत हे अर्धअक्ष थेट आकड्यांत भरता येतात, तसेच आरंभ व अंत्य कोन देऊन त्याचा केवळ कंस ठेवता येतो. दिसणारा भाग अखंड रेषेने आणि मागचा भाग तुटक रेषेने काढावयाचा असतो. येथेही सर्व अक्षवृत्तांचा पुढचा अर्धा भाग अखंड आणि मागचा अर्धा तुटक, असे सरसकट करणे बरोबर नाही. वरील दृश्यात विषुववृत्ताचा नेमका निम्मा भाग दिसतो. ३० अंश उत्तर अक्षवृत्ताचे ३६० पैकी सुमारे २१९ अंश दिसतात आणि ३० अंश दक्षिण अक्षवृत्ताचे केवळ १४१. ध्रुव जितका आपल्याकडे कलतो तितका त्या गोलार्धाचा अधिक भाग दिसतो. उन्हाळ्यात उत्तर गोलार्धात दिवस मोठा का असतो हे समजावताना हीच आकृती उपयोगी पडते. आपल्या डोळ्याच्या जागी सूर्य आहे अशी कल्पना केली म्हणजे झाले.

ऋतुचक्र : आकृतीने रुजविलेला गैरसमज

ऋतूंची परिचित आकृती, म्हणजे मध्ये सूर्य, भोवती लांबट कक्षा आणि तिच्यावर चार ठिकाणी पृथ्वी. या आकृतीतील कक्षा लांबट दिसते, कारण ती तिरकस दिशेने पाहिलेली असते. परंतु ही गोष्ट आकृतीखाली क्वचितच लिहिलेली असते. विद्यार्थी कक्षा खरोखरच तशी लांबट आहे असे मानतो आणि त्यातून स्वाभाविक निष्कर्ष काढतो की, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते तेव्हा उन्हाळा आणि दूर जाते तेव्हा हिवाळा. १९८७ साली 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभास आलेल्यांना ऋतूंचे कारण विचारण्यात आले होते. बहुतेकांचे उत्तर हेच होते. या गैरसमजाला इतरही कारणे असतील, पण ज्या आकृतीकडे पाहून हा पाठ शिकविला जातो ती त्याला खतपाणी घालते हे नाकारता येत नाही.

प्रत्यक्षात पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता सुमारे ०.०१६७ आहे. ५० मिमी अर्धदीर्घ अक्षाची कक्षा वरून पाहिल्याप्रमाणे काढली तर अर्धलघु अक्ष ४९.९९३ मिमी भरेल. हा फरक कोणत्याही छापखान्यात उमटणार नाही. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे ०.८ मिमी बाजूला सरकेल. शिवाय पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे १४.७१ कोटी किमीवर, येते ती जानेवारीच्या आरंभी, उत्तर गोलार्धात थंडी असताना. आणि सर्वांत दूर, १५.२१ कोटी किमीवर, असते ती जुलैच्या आरंभी.

उपाय अवघड नाही. तिरकस आकृतीशेजारी तीच कक्षा वरून पाहिलेली, अर्थात वर्तुळाकार, अशी लहान आकृती द्यावी आणि तिरकस आकृतीखाली 'कक्षेच्या प्रतलापासून ३० अंश वरून पाहिलेले दृश्य' असे स्पष्ट लिहावे. चार ओळींच्या स्पष्टीकरणापेक्षा ही जोडी अधिक काम करते.

आकृती काढताना समांतर प्रक्षेपाचा लाभ येथे विशेष जाणवतो. चारही ठिकाणच्या पृथ्व्या एकाच आकाराच्या राहतात आणि अक्षाची दिशाही सर्वत्र एकच असते, म्हणून एकदा अचूक काढलेला गोल चार वेळा नक्कल करून ठेवला की पुरे. यथादर्शनात पुढची पृथ्वी मोठी व मागची लहान झाली असती आणि अंतराविषयीचा घोटाळा अधिकच वाढला असता. कलता अक्ष उजवीकडे झुकलेला ठेवल्यास डावीकडील पृथ्वी २१ जूनची, पुढची २३ सप्टेंबरची, उजवीकडील २२ डिसेंबरची आणि मागची २१ मार्चची ठरते. बाण या क्रमाने दाखवावेत.

अक्षाच्या कलाविषयी एक बारकावा नोंदविणे इष्ट आहे. सरळ गोल काढून तो कागदावर २३.५ अंश फिरविला की कल साधला, असे वाटते. परंतु आपण कक्षेकडे ३० अंश वरून पाहत असल्यामुळे उभ्या दिशेची लांबी आखडते, आडवी आखडत नाही. परिणामी उजवीकडे २३.५ अंश कललेला अक्ष कागदावर उभ्या रेषेशी सुमारे २६.७ अंशांचा कोन करतो. गोलाची त्रिज्या १० मिमी असेल तर ध्रुव केंद्रापासून सुमारे ८.९ मिमीवर आणि विषुववृत्ताचे अर्धअक्ष १० व ४.६ मिमी येतात. तीन अंशांचा हा फरक पदवीपूर्व वर्गात दुर्लक्षिला तरी चालेल, शोधनिबंधात नको.

प्रकाशाबाबत तर बहुतेक छापील आकृत्या बेफिकीर असतात. प्रकाश मधल्या सूर्याकडून येतो, तेव्हा पुढच्या पृथ्वीची उजळ बाजू आपल्यापासून पलीकडे असते आणि ३० अंशांच्या दृश्यात तिच्या तबकडीचा जेमतेम ७ टक्के भाग उजळ दिसतो. मागच्या पृथ्वीचा ९३ टक्के. चारही गोलांवर उजवी-डावी अर्धी छाया चिकटविणे म्हणूनच चूक आहे.

ठोकळाचित्र व उंचीचे प्रमाण

भूरूपशास्त्रात ठोकळाचित्राची परंपरा मोठी आहे. विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी त्याचा विपुल उपयोग केला आणि आर्मिन लोबेक यांनी १९२४ साली या चित्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोकण, सह्याद्रीचा कडा व दख्खनचे पठार हे एकाच ठोकळ्यात दाखविणे महाराष्ट्रातील अध्यापकाला नेहमी आवश्यक वाटते. येथे अडचण प्रमाणाची आहे. पूर्व-पश्चिम १०० किमीचा पट्टा २० सेंमी लांबीत काढला, तर १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई अवघे ३.३ मिमी उंच होईल. म्हणून उंची वाढवून दाखवावी लागते. पाचपट वाढ केल्यास शिखर १६.५ मिमीचे होते व चित्र वाचता येते. पण त्याच वेळी १० अंशांचा उतार ४१ अंशांचा दिसू लागतो. उंची किती पट वाढविली हे आकृतीखाली लिहिणे हाच यावरील मार्ग होय.

दुसरी सावधगिरी लाव्हाच्या थरांबाबत बाळगावी. सह्याद्रीतील बेसाल्टचे थर बहुतांशी जवळजवळ क्षैतिज आहेत. आयसोमेट्रिक ठोकळ्याच्या डाव्या व उजव्या बाजूंवर त्यांच्या रेषा ३० अंशांनी उतरत्या-चढत्या येतात, आणि तसे येणेच बरोबर आहे. मात्र त्या ठोकळ्याच्या वरच्या कडेला काटेकोर समांतर असाव्यात, आणि पुढच्या उभ्या कडेवर दोन्ही बाजूंचे थर एकाच उंचीला मिळावेत. येथे दोन मिलिमीटरची चूक झाली तरी विद्यार्थ्याला प्रस्तरभंग दिसतो.

त्रिमिती नको तेथे

आकडेवारीच्या आलेखांना तिसरी मिती देण्याचा मोह कार्यालयीन प्रणालींनी फारच सोपा केला आहे. विभाजित वर्तुळाचे उदाहरण घेऊ. चार घटक प्रत्येकी २५ टक्के आहेत आणि एक घटक बरोबर पुढे, एक मागे, दोन बाजूंना आहेत. हे वर्तुळ १ : २ प्रमाणात चपटे केले की पुढच्या व मागच्या घटकाचा ९० अंशांचा कोन सुमारे १२७ अंशांचा आणि बाजूच्या घटकांचा ५३ अंशांचा दिसतो. समांतर प्रक्षेपात वरच्या पृष्ठावरील क्षेत्रफळांचे गुणोत्तर टिकून राहते हे खरे. पण तबकडीला जाडी दिली की पुढच्या घटकाला कडेचे जास्तीचे क्षेत्र मिळते. दिसणारी जाडी त्रिज्येच्या एक चतुर्थांश असेल तर पुढचा घटक मागच्या तेवढ्याच घटकाच्या जवळजवळ दुप्पट, १.९ पट, क्षेत्र व्यापतो. जेथे तिसऱ्या मितीला काही अर्थच नाही तेथे ती देणे म्हणजे आकड्यांशी खेळणे होय. एडवर्ड टफ्टे यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात आलेखांतील अशा सजावटीवर कठोर टीका केली आहे. महाविद्यालयांच्या अहवालांत हे आलेख तरीही दिमाखाने झळकतात, हे दुर्दैव.

छायांकन, मागच्या रेषा व छपाई

छटा न देता केवळ बारा रेषांनी काढलेला पारदर्शक घन पाहता पाहता उलटतो. पुढची बाजू मागे जाते. स्वित्झर्लंडचे स्फटिकशास्त्रज्ञ लुई आल्बर्ट नेकर यांनी १८३२ साली स्फटिकांच्या आकृत्या न्याहाळताना ही गोष्ट नोंदविली. ती टाळण्यासाठी मागच्या कडा तुटक व बारीक ठेवाव्यात आणि एक रेषा दुसरीच्या मागून जात असेल तेथे मागच्या रेषेत लहानशी फट सोडावी. फट पाडण्यासाठी पुढच्या रेषेखाली तिचीच अधिक जाड, पांढरी नक्कल ठेवणे ही सोपी युक्ती आहे.

प्रकाश डावीकडून वरून येतो असे मानण्याचा संकेत आहे. त्यानुसार वरचे पृष्ठ सर्वांत फिके, डावे मध्यम व उजवे गडद ठेवावे. उठावाच्या नकाशांतही प्रकाश वायव्येकडून दाखवितात. महाराष्ट्रात वर्षाचा बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असला तरी! दक्षिणेकडून प्रकाश दाखविल्यास अनेकांना दऱ्या डोंगरासारख्या आणि डोंगर दऱ्यांसारखे दिसू लागतात.

पडद्यावर मोहक वाटणाऱ्या क्रमशः बदलत्या छटा प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्समध्ये डागाळतात. तेथे सपाट तीन करडे रंग, साधारणतः १०, ३५ व ६० टक्क्यांचे, किंवा समांतर रेघांची भरण अधिक टिकाऊ ठरते. नावे युनिकोड देवनागरीतच लिहावीत. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हे उमटतात. तिरप्या पृष्ठावर नावेही तिरपी बसविण्याचा मोह टाळावा, कारण लहान आकारात मात्रा व रफार वाचता येत नाहीत. छपाईसाठी पीडीएफ तयार करताना मजकुराचे रेषांत रूपांतर करण्याचा पर्याय निवडावा आणि मूळ फाइल मात्र एसव्हीजी स्वरूपात, मजकूर न बदलता, जपून ठेवावी. पुढील वर्षी त्याच गोलावर अक्षवृत्त वाढवावे लागल्यास सर्व मापे पुन्हा काढावी लागत नाहीत.